नाच्याचं घर

‘आत्ता गं बया!’ एवढे तीन शब्द कानावर पडले, तरी जुन्या मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे गणपत पाटील उभे राहतात. हाताची ती लकब, कमरेतली मुरड, लाडिक आवाज. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर तमाशापटांची लाट आली आणि ‘नाच्या’ म्हटलं की आपल्या कोल्हापूरच्या या नटाचंच नाव पुढे येऊ लागलं. २००८ साली ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावसुद्धा ‘रंग नाच्याचा’ असं आहे.

हा रंग धुतला मात्र गेला नाही. गणपतराव संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. पण लोक त्यांना प्रत्यक्षातही ‘तसलाच’ समजत आणि त्याची झळ घरच्यांना बसली. आपण हे ‘बघा, केवढा अस्सल अभिनय!’ म्हणून कौतुकानं सांगतो. बायका निळू फुल्यांच्या नावानंही बोटं मोडत. पण त्यांच्या वाट्याला दरारा आला. बालगंधर्वांनी वर्षानुवर्षं स्त्रीभूमिका केल्या. घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या. टिंगल आली ती फडावरच्या नाच्याच्याच वाट्याला. यात जातीचा आणि पैशाचा संबंध नाही, असं कोणी म्हणू नये.

आता थोडं फ्रान्सला जाऊ. १९७८ मध्ये तिथं ‘ला काज ओ फोल’ हा विनोदी चित्रपट आला. दिग्दर्शक एदुआर मोलिनारो, मूळ नाटक ज्याँ प्वारे यांचं. रेनातो हा नाइट क्लबचा मालक आणि आल्बँ हा त्याच क्लबात स्त्रीवेषात गाणारा नट. दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहतात, रेनातोचा मुलगाही त्यांनीच वाढवलेला. मुलाचं लग्न ठरतं ते नीतिमत्तेचा झेंडा मिरवणाऱ्या एका पुढाऱ्याच्या मुलीशी. व्याही जेवायला येणार. मग आल्बँला लपवायचं कुठं?

त्याला ‘पुरुषासारखं’ वागायला शिकवण्याचा प्रसंग बघण्यासारखा आहे. टोस्टला लोणी कसं लावायचं, जॉन वेनसारखं कसं चालायचं, याची शिकवणी. आपण पोट धरून हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की या माणसाला त्याच्याच घरात नकोसं ठरवलं जातंय. शेवटी वार्ताहरांपासून तोंड लपवायला त्या पुढाऱ्यालाच बाईचे कपडे घालावे लागतात! मिशेल सेरो यांना आल्बँच्या भूमिकेसाठी सेझार पुरस्कार मिळाला.

तो चित्रपट निर्दोष आहे असं नाही. आल्बँचं किंचाळणं, रुसणं हे ठरीव साच्यातलंच. घरातला कृष्णवर्णीय नोकर तर निव्वळ हशासाठी आणलेला. पण आल्बँला घर आहे, स्वयंपाकघर आहे, भांडायला हक्काचं माणूस आहे. आपला नाच्या तंबूत येतो, हशा घेतो आणि कनातीमागं नाहीसा होतो. रात्री तो कुणाच्या घरी जेवतो, हे तमाशापटांना कधी विचारावंसं वाटलं नाही.

पुढं आपल्याच मातीतून वेगळं काही आलं. २००९ च्या ‘जोगवा’ला राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार होता. त्यातल्या जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० साली कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला. त्यातल्या गुणाला बायको आहे, मुलगा आहे, गाव आहे. मात्र गुणा हा मुळात पैलवानी पुरुष, नाइलाजानं नाच्या झालेला, हे चित्रपट आपल्याला विसरू देत नाही. दोन्ही चित्रपट मोलाचे, पण दोन्हींत त्या माणसाच्या वाट्याला भोगच. त्याच्याबरोबर बसून हसावं, असा मराठी विनोदी चित्रपट मी तरी पाहिलेला नाही.

जुन्या थिएटरांत पिटातल्या बाकांवर खरोखरच तसा असलेला एखादा पोरगा बसलेला असणारच. ‘आत्ता गं बया’वर सगळं थिएटर फुटायचं, तेव्हा शेजारच्याला संशय येऊ नये म्हणून तोही मोठ्यानं हसत असेल.