नगराचा न्याय आणि एकटा फिर्यादी

माणसाचे हक्क राष्ट्राच्या घटनेंत लिहिलेले असतात. परंतु त्यांची कसोटी लागते ती घराच्या उंबरठ्यावर, दुकानाच्या दारांत आणि कारखान्याच्या फाटकापाशीं. जागा रिकामी असतांना ‘ती कालच भाड्यानें गेली’ असें मालकानें सांगितलें, तर ऐकणाऱ्यास खरेंखोटें कळावें कसें? आणि कळलें तरी वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेल्या एकट्या माणसानें दाद मागावी कोठें? या प्रश्नाचें उत्तर म्हणून अमेरिकेंतील कित्येक नगरांनीं आपापले मानवी हक्क आयोग स्थापन केले. त्यांपैकीं पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल या बंदराच्या शहराचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. अशा आयोगाच्या हातून काय होतें आणि काय होऊं शकत नाहीं, हें तेथें अगदीं स्पष्टपणें दिसून आलें.

सिॲटलमधील अनेक वस्त्यांच्या खरेदीखतांत, हें घर कृष्णवर्णीयांस अथवा आशियाई लोकांस देऊं नये, अशी अट घातलेली असे. अशा अटी न्यायालयांमार्फत अंमलांत आणतां येणार नाहींत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. तरीहि व्यवहार पालटला नाहीं. कागदावरची अट निष्फळ झाली, पण दलालांच्या व मालकांच्या मनांतली अट कायम राहिली. आणि बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबें सेंट्रल डिस्ट्रिक्ट या एकाच भागांत कोंडून पडलीं.

१९६३ च्या जुलै महिन्यांत कांहीं तरुण मंडळी महापौर गॉर्डन क्लिंटन यांच्या कचेरींत ठाण मांडून बसली, आणि त्याच महिन्यांत नगरानें मानवी हक्क आयोग निर्माण केला. घर विकतांना वा भाड्यानें देतांना वर्णभेद करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचा मसुदा या आयोगानें तयार केला. नगरपरिषदेनें तो मतदारांपुढें ठेवला. १० मार्च १९६४ रोजीं त्याच्या विरुद्ध १,१५,६२७ आणि बाजूनें अवघीं ५४,४४८ मतें पडलीं. आयोग जिवंत राहिला. परंतु घरांच्या बाबतींत मनधरणी आणि उपदेश यांपलीकडे त्याच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. ज्या अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठीं कायदा करावयाचा, त्याचें भवितव्य बहुसंख्याकांच्या मतपेटींत टाकल्यावर दुसरें काय होणार?

या कायद्यासाठीं झटणारे विंग ल्यूक हे चीनमध्यें जन्मलेले आणि धोबीकाम करणाऱ्या कुटुंबांत वाढलेले नगरसदस्य. १९६५ सालीं विमान अपघातांत त्यांचा अंत झाला. कायदा पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९६७ सालीं सॅम स्मिथ हे नगरपरिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. पुढील वर्षीं ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि पंधरा दिवसांनीं, १९ एप्रिल १९६८ रोजीं, नगरपरिषदेनें तोच कायदा एकमतानें मंजूर केला.

आज या कामाचे दोन भाग आहेत. तक्रारींची चौकशी नगराची नागरी हक्क कचेरी करते. आयोगाचे सभासद हे स्वेच्छेनें काम करणारे नागरिक असून ते महापौरांस व नगरपरिषदेस सल्ला देतात, आणि निरनिराळ्या समाजांचीं गाऱ्हाणीं त्यांच्यापर्यंत पोंचवितात. तक्रार नोंदविण्यास फी पडत नाहीं. चौकशी करणारा अधिकारी फिर्यादीचा वकील नसतो. तो दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकतो, कागदपत्रें मागवितो आणि शक्य तेथें तडजोड घडवून आणतो. कचेरी केवळ तक्रारीची वाटहि पाहत नाहीं. सर्व बाबतींत सारखे, परंतु वर्णासारख्या एकाच गोष्टींत भिन्न असे दोन परीक्षक ती एकाच मालकाकडे पाठविते. एकाला जागा आणि दुसऱ्याला नकार मिळाला, तर एरवीं सिद्ध न होणारी गोष्ट पुराव्यांत येते.

या नगराशीं भारताचा, विशेषत: महाराष्ट्राचा, संबंध अलीकडेच जडला आहे. पुण्यांत जन्मलेल्या नगरसदस्या क्षमा सावंत यांच्या पुढाकारानें, २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं, सिॲटलनें जातिभेदासहि कायद्यानें बंदी केली. अमेरिकेंतील नगरांत हें पहिलेंच. सहा मतें बाजूनें पडलीं, एक विरुद्ध. या कायद्यामुळें भारतीय वंशाच्या लोकांकडे संशयानें पाहिलें जाईल, असा आक्षेप विरोधकांनीं घेतला. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आतां नि:पक्ष चौकशीवरच आहे. वर्ण चेहऱ्यावर दिसतो. जात आडनांवावरून, गांवावरून, जेवणाच्या ताटावरून हुडकली जाते. तिचा पुरावा गोळा करणें अधिक कठीण आहे.

नुसत्या ठरावानें काय होतें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयींचा ठराव १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळानें संमत केला, आणि १९२४ सालीं महाड नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचें जाहीर केलें. तरी पाण्याला हात लावण्याची सोय अस्पृश्यांस झाली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले. मारहाण सोसावी लागली. आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडलें. ठराव होता, तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारा कोणी नव्हता.

आयोग माणसाचें मन पालटूं शकेलच असें नाहीं. परंतु अन्याय करणाऱ्यास जाब द्यावा लागेल आणि अन्याय सोसणाऱ्यास एकट्यानें लढावें लागणार नाहीं, इतकी व्यवस्था नगर निश्चित करूं शकतें. मात्र ती व्यवस्था आहे हें भाडेकऱ्यास, मोलकरणीस आणि नवागतास त्यांच्या भाषेंत कळलें पाहिजे. म्हणून चौकशीइतकेंच महत्त्व वस्तीवस्तींत जाऊन ती माहिती देण्याला आहे. जो आयोग कचेरींत बसून फिर्यादीची वाट पाहील, त्याच्याकडे सर्वांत दुबळा फिर्यादी कधींच येणार नाहीं.