मेघांपलीकडची दृष्टी

श्रावणात रायपूरच्या समता कॉलोनीतील गच्चीवरून पाहावे, तर दिवसचे दिवस आकाश म्हणून काही दिसतच नाही. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. पण शेतांत धान उभे असते नेमके तेव्हाच छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहांपासून तो कटोरा झाकलेला राहतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो रडारचा उपग्रह. भारताने २०१२ साली रिसॅट-१ आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी इओएस-०४ अवकाशात धाडला. असे उपग्रह स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीतून भूमीचे चित्र उभे करतात. ढग त्यांना आड येत नाहीत.

आड येतो तो माणूस. इओएस-०४ सुमारे ५३० किलोमीटर उंचीवरून फिरतो. एखाद्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले की तिच्यावरून परतणारा प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. जमिनीवरील उपद्रवी प्रक्षेपकाची लहर मात्र एकच वाट चालते, म्हणून ती चौपटच घटते. या हिशेबात दुर्जनाचे पारडे आधीच जड आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर ५४०५ मेगाहर्ट्झची. तिच्या जवळपास चालणाऱ्या भूमीवरील रडारांचे तेजस्वी पट्टे त्याच्या चित्रांत उमटलेले आढळले आहेत. घरोघरच्या वाय-फायसाठी भारताने २०१८ साली जे पट्टे परवानामुक्त केले, त्यांतून ५३५० ते ५४७० मेगाहर्ट्झचा भाग वगळला होता. नियम पाळणाऱ्यांपुरता हा बंदोबस्त उत्तम. हेतुपुरस्सर गोंगाट करणारा नियमपुस्तक उघडीत नाही.

त्याच्यासाठी उपाय निराळे. ॲंटेनाचे अनेक भाग करून ज्या दिशेने गोंगाट येतो त्या दिशेपुरते उपग्रहाला बहिरे करता येते. बिघडलेल्या कंपनसंख्या तेवढ्या गाळता येतात. परंतु गोंगाटाहून घातक असतो तो खोटा प्रतिध्वनी. उपग्रहाचीच लहर टिपून किंचित विलंबाने परत पाठविली, की जेथे काही नाही तेथे काहीतरी दिसू लागते. म्हणून दर स्पंदाची घडण बदलावी लागते. कालची नक्कल आज ओळखू येते. दुसऱ्या उपग्रहाने दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्रही शेजारी ठेवून पाहावे लागते.

इतके करूनही चित्राचा काही भाग हाती लागत नाही. कोऱ्या रकान्याची सरकारी कचेऱ्यांना मोठी लाज वाटते, आणि आजूबाजूच्या आकड्यांवरून तो भरून टाकण्याचा मोह होतो. रडारच्या चित्रात तो भाग दूषित म्हणून कोराच राखणे, हेही संरक्षणच होय. त्या कोऱ्या तुकड्यातील धानाचा अंदाज मग बांधावरून चालत जाऊन, कापणीचा प्रयोग करून, वजनकाट्यावरच घ्यावा लागतो.