कपाटातली नोंदवही आणि गावचं ई-क्लास

(हे बोलणं गुरुकुंज मोझरीला झालं. समोर तिवसा तालुक्यातली काही पोरंपोरी होती, तीन-चार ग्रामपंचायत सदस्य होते आणि बरेच शेतकरी. रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं लिहून काढलंय. 'म्हणजे' आणि 'काय ना' तेवढे कमी केलेत.)



विषय फळ्यावर लिहिला, 'ग्रामपंचायत आणि जैवविविधता', आणि मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "जैवविविधता पाह्यजे नं तुले? माह्या वावरातले रोही घेऊन जा. ट्रॅक्टर मी लावून देतो."

हसलात, पण काकांचं बरोबर आहे. ज्याची तूर रात्रीतून साफ होते त्याला जैवविविधता हा शब्द शिवीसारखाच वाटणार. म्हणून वाघ-बिघ बाजूला ठेवू. आज एका कागदाबद्दल आणि एका जमिनीबद्दल बोलू. दोन्ही तुमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतच आहेत.

आधी कागद. २००२ साली आपल्या देशात जैविक विविधता कायदा झाला. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेनं, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका, सगळ्यांनी एक जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. किमान सात जण, त्यात एक तृतीयांश महिला. या समितीचं मुख्य काम एकच: गावातल्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची. गावात काय उगवतं, काय फिरतं, कोणतं बियाणं कोणाकडे टिकून आहे, कोणती मुळी कशाला लावतात, हे सगळं त्यात. कल्पना मोठी सुंदर आहे, आणि तिच्यामागे माधव गाडगीळांसारख्या माणसाची कितीतरी वर्षांची खटपट आहे.

आता मला सांगा, इथं कितीजणांनी आपल्या गावची नोंदवही पाहिली? (दोन हात.) दोन. आणि समितीचे सदस्य कितीजण आहेत? (एक हात, तोही अर्धा.) भाऊ, तुम्ही नक्की सदस्य आहात का? "नाव हाय म्हणे माहं."

हे असं का झालं? कायदा २००२ चा, पण पंधरा वर्षं बहुतेक राज्यं स्वस्थ होती. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादात याचिका गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये लवादानं सांगितलं की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील. झालं! सगळ्या देशात धावपळ सुटली. ज्या कामाला गावातल्या म्हाताऱ्यांसोबत किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा फिरावं लागतं, ते काम काही महिन्यांत उरकलं.

आमच्या भागातल्या एका गावची नोंदवही मी पाहिली, गावाचं नाव सांगत नाही. सुबक टाईप केलेली, स्पायरल बाइंडिंग. वड, पिंपळ, कडुनिंब, चिमणी, कावळा. मधल्या एका पानावर दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव तसंच राहून गेलेलं. माझ्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात आणि कोड रिव्ह्यूत तिथंच पकडतात. इथं रिव्ह्यू करणारा गाव होता, आणि गावाला कोणी विचारलंच नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र बारावीलाच सुटलं. पक्ष्यांबद्दल इथले गुराखी माझ्याहून जास्त सांगतील. पण नोंदी कशा जगतात आणि कशा मरतात हे रोज पाहतो. एकदा लिहिलेली आणि पुन्हा कोणीच न उघडलेली नोंद मेलेली असते. निर्णय घ्यायच्या वेळी जी उघडावी लागते तीच जिवंत राहते. सातबारा बघा. त्यात चुका असतील, भांडणं असतील, पण तो मरत नाही, कारण त्याच्याशिवाय खरेदी होत नाही, पीककर्ज मिळत नाही. आपली नोंदवही कोणत्या निर्णयाच्या वेळी उघडते? आजघडीला, कोणत्याच नाही.

आता जमीन. वऱ्हाडात आपण सगळे 'ई-क्लास' म्हणतो. पुण्याच्या मित्राला हा शब्द कळत नाही, त्याला वाटतं मर्सिडीज. बेरारच्या जुन्या महसुली वर्गवारीतून आलेला शब्द आहे. गुरांच्या चराईची सरकारी जमीन, बाकी महाराष्ट्र जिला गायरान म्हणतो. कागदावर 'पडीत'. हा पडीत शब्द फार महाग पडतोय आपल्याला.

कारण त्या पडितावर काय आहे ते बघा. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी. पावसाळ्यात तरोटा, काटवल. कुंपणावर, झुडपांवर जिवतीचे वेल. तितर, लावे, चंडोल, टिटव्या. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. कोंबडीएवढा पक्षी, नर मादीला दिसावा म्हणून गवताच्या वर दिवसभरात शेकडो उड्या मारतो. जगात आता फार थोडे उरलेत, अति संकटग्रस्त म्हणून त्याची नोंद आहे. गवत नसेल तर उडी कशाच्या वर मारणार? तिकडे 'संवेदना' ही संस्था आणि फासेपारधी समाजातली माणसं माळरान राखण्याचं काम करतायत. ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या शिकारीचा शिक्का मारला, त्यांनाच घरटं कुठं असतं हे सगळ्यात चांगलं माहीत. समितीत असा एक माणूस असला तर अर्धी नोंदवही तिथंच पूर्ण होते.

या गवताचं वाटोळं चांगल्या हेतूनंही होतं. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. गावाला जागा दाखवायची म्हटल्यावर ई-क्लासच दाखवणार, दुसरं आहे काय? खड्डे खणले, गिरिपुष्प लावलं, फोटो काढले. झाड लावणं वाईट नाही हो. पण गवताळ माळ म्हणजे झाड लावायचं राहून गेलेली जागा, ही समजूत चुकीची आहे. माळ हा स्वतःच एक पूर्ण संसार आहे.

आणि आता खरी अडचण. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारी जमिनीवर सौर प्रकल्प. प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. मी याच्या विरोधात बोलावं अशी काहींची इच्छा दिसते, पण मी नाही बोलणार. रात्री दोनला विंचवाकाट्यात ओलित करायला कोण जातं ते मला माहीत आहे. पंधरा लाखांत गावची शाळाही दुरुस्त होते. प्रश्न एवढाच, की गावात ई-क्लासचे चार तुकडे असतील तर कोणता द्यायचा? मुरमाड, बोडका, आधीच उकरलेला? की ज्याच्यावर गावची गुरं चार महिने जगतात तो? हा तो निर्णय आहे जिथं नोंदवही टेबलावर पाहिजे. नकाशा, तुकड्याचा नंबर, त्यावर काय उगवतं, कोणाची गुरं जातात, पाणी कुठं जिरतं. हे लिहिलेलं असेल तर ग्रामसभा म्हणू शकते, "हा घ्या, तो नाही." लिहिलेलं नसेल तर सगळं पडीतच. आणि ज्यांची गुरं आहेत, ती माणसं बहुधा भूमिहीन असतात. ग्रामसभेत ती मागं उभी असतात, खुर्चीवर नसतात.

(प्रश्न आला: असं कुठं झालंय का, का नुसतं भाषण?)

झालंय. लांब कशाला जाता, आपल्याच जिल्ह्यात. परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर. जंगल उजाड झालेलं, लोक कामासाठी बाहेर जायचे. २०१२ मध्ये गावाला वनहक्क कायद्याखाली १९२ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 'खोज' संस्थेची सोबत होती. गावानं चराई आणि तोडीचे नियम स्वतः ठरवले, रोजगार हमीतून माती-पाण्याची कामं केली, झाडं जगवली. तिथली सीताफळं गावानं थेट मुंबईच्या बाजारात नेली. २०१४ चा भारत जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. शेजारच्या उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूरनंही हीच वाट धरली.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडं जंगल होतं, आमच्याकडं कपाशी आणि संत्रा. खरं आहे. आणि तिथं कायदाही वेगळा होता. पण मला तिथं पटलेली गोष्ट म्हणजे सीताफळाचा पैसा आणि जंगलाची राखण एकाच सभेत ठरत होती. राखणारा आणि खाणारा एकच. आपल्याकडं ती सोय या जैवविविधता कायद्यात आहे, कोणी वापरत नाही एवढंच. कलम ४१ मध्येच लिहिलंय की समितीच्या हद्दीतून कोणी व्यापारासाठी जैविक साधनं गोळा करत असेल तर समिती शुल्क लावू शकते. कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधी आहे. औषधी मुळ्या, डिंक, बिया टेम्पोनं जातात गावागावांतून. कोणी विचारलं कधी?

नोंदवहीत फक्त रानातलंच येतं असंही नाही. अंजनगाव सुर्जी-अकोट पट्ट्यात बारी समाजाची पानपिंपरीची शेती आहे. सावली किती, पाणी किती, हे ज्ञान त्या घरांतल्या हातांत आहे. तुमच्याकडं कोणाच्या आजीकडं गावरानी ज्वारीचं बियाणं असेल, धुऱ्यावरची भाजी कुठं तणनाशकानं संपली ते तिला माहीत असेल. तिला विचारा. ती जास्त थांबणार नाही.

पोरांसाठी आता. मोबाईल तुमच्याकडं आहेच. ईबर्ड, आयनॅचरलिस्ट वापरा, फोटो काढा, तारीख टाका. पण एक गोष्ट माझ्या धंद्यातून सांगतो: सगळा डेटा सगळ्यांना दिसला पाहिजे हा हट्ट इथं चालत नाही. मांडूळ कुठं दिसला, खवल्या मांजराचं बीळ कुठं, औषधी मुळी कोणत्या नाल्यात, हे ठिकाणासकट इंटरनेटवर टाकलं की पुढच्या आठवड्यात तस्कर हजर. मूळ वही गावात राहू द्या, कुलपात. बाहेर जाईल ती यादी, जागा नाही. आणि आजीनं सांगितलेलं औषध तिच्या परवानगीशिवाय रीलवर टाकू नका.

सदस्यांना एकच विनंती. नोंदवहीत मागची पानं कोरी ठेवा आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यात आणि होळीच्या सुमारास, समितीनं गावशिवार फिरून त्यावर तारखेनिशी लिहा. काय दिसलं, काय दिसेनासं झालं. रोही किती, कोणत्या शिवारात, किती वावरं खाल्ली, हेही लिहा. नुकसानभरपाईचा एकटा अर्ज आणि समितीच्या तीन वर्षांच्या नोंदी जोडलेला अर्ज यांत फरक पडतो. काका, हे तुमच्यासाठी.

(प्रश्न: ग्रामसेवक म्हणतात वही पंचायत समितीत गेली.)

मग प्रत मागा. साध्या अर्जानं नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा, तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दोन ओळी आधीच लेखी द्या: नोंदवहीचं वाचन, आणि ई-क्लासच्या तुकड्यांची पाहणी करायला कोण जाणार त्यांची नावं. वाचन मोठ्यानं करायला लावा. दुसऱ्या गावाचं नाव आलं तर तिथंच थांबवा.

ज्यांच्या हातात प्रत आली त्यांनी पहिल्या पाच पानांचे फोटो मला पाठवा, ठिकाणं झाकून. पुढच्या भागात आपण त्यातलीच एक वही घेऊन बसू.