मोजणी कुणाच्या दारी?

बांगलादेशात ब्रह्मपुत्रेकाठी गायबांधा नावाचा जिल्हा आहे. पूर तिथे पाहुणा नव्हे, घरचाच. 2009 च्या सुमारास तिथे गण उन्नयन केंद्र या स्थानिक संस्थेमार्फत अपंगांना पूरसंरक्षणाच्या कामात सामील करून घेण्यास आरंभ झाला. अपंगांचे स्वतःचे गट झाले, आपत्तिसमित्यांत त्यांना जागा मिळाली.

अशा कामाचे मोल ठरवावे कसे? बैठका किती, भोंगे किती, हे दप्तरात सहज सापडते. पण भोंगा बहिऱ्याच्या काय कामाचा? 2013 साली संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या अपंगांना विचारले, तेव्हा संकटात विनासायास तत्काळ बाहेर पडू शकू, असे म्हणणारे शेकडा सुमारे 20 च निघाले!

स्थानिक संस्था गाव जाणते, हे तिचे बळ. पण परीक्षकाला घरे दाखवणारीही तीच, ही मोठी अडचण. म्हणून माझ्या मते परीक्षकाने गटात कधीच न आलेल्यांकडे प्रथम जावे. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला विचारावे, "आजी, मागच्या पुरात तुम्हांला न्यायला कोण आले, आणि किती वेळाने?"