खुराड्यातली मर आणि विषाणूचे वाण
(बेंबळी येथील बैठकीतील भाषण)



बैठक कापूस-ज्वारीची आणि हा गडी कोंबड्यांवर काय बोलतोय, असं वाटेल. पण पावसानं दगा दिला, की बाजाराचं मीठ-मिरची येतं कशातून? बाईच्या खुराड्यातून. मानमोडी आली, की आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं. त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

मानमोडी म्हणजे राणीखेत. "लस देऊनही कोंबड्या मेल्या," ही तक्रार गावोगाव ऐकतो. मग लस खोटी का?

ज्वारी एकच, पण मालदांडी वेगळी, दगडी वेगळी. या विषाणूचंही तसंच. त्याचा आनुवंशिक मजकूर सुमारे 15 हजार अक्षरांचा. वाढताना तो त्याची नक्कल करतो. नकलेत चुका होतात, त्या साठत जातात आणि नवा वाण तयार होतो. शास्त्रज्ञांनी आजवर वीस वाण तरी मोजलेत. लासोटा लस 1946 साली अमेरिकेत सापडलेल्या विषाणूची. तो दुसऱ्या क्रमांकाचा वाण. आपल्या देशातल्या मरीत सातवा, तेरावा असे वाण सापडलेत.

तरी लस वाया जात नाही. वाण बदलला तरी जात एकच, म्हणून नीट दिलेली लस जीव वाचवते. मात्र वाचलेली कोंबडीही विषाणू बाहेर टाकू शकते आणि शेजारची बिनलसीची मरते. म्हणून लस एका घराची नव्हे, अख्ख्या गल्लीची. बाटली शंभर डोसांची, घरी कोंबड्या दहा. बर्फात आणायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. सारी गल्ली एकाच दिवशी केली तरच हे जमतं.

दुसरी गोष्ट. मर झाली तर गुपचूप पुरू नका, उघड्या हातानं चिरू नका. 2006 साली नवापूरला आधी राणीखेतच म्हणत होते. भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू सांगितला. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यातही तोच निघाला. बर्ड फ्लूत भरपाई मिळते ती सरकारी आदेशानं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केला तर तोटा आपलाच.

म्हणून मर दिसली, की त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या, नमुना तपासायला पाठवा म्हणा आणि अर्जाची पोच घ्या.

पुढच्या बैठकीला येताना गल्लीवार कोंबड्यांची यादी आणा. ती मायबहिणींनीच करावी. खुराड्याचा हिशेब त्यांच्याकडेच असतो.