बिनटपाची गाडी

आज आम्ही तिघी जणी मिळून तुमच्याशी बोलायला आलो आहोत. एक चिंचवडची, एक आकुर्डीची आणि एक भोसरीची. तिघींचे वडील कंपनीत होते, तिघींचं बालपण पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या भोंग्यावर गेलं आणि तिघींनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. विषय सांगितला तर हसाल. आम्ही बोलणार आहोत स्पोर्ट्स कारबद्दल. घरी सांगितलं तेव्हा तिथेही हसू झालंच. "तुम्हाला काय त्यातलं कळतं?" असा प्रश्न आला. म्हणून म्हटलं, पहिल्यापासून सांगावं.

आम्ही पाहिलेली पहिली स्पोर्ट्स कार म्हणजे ट्रक होता. खरं तर पुरता ट्रकही नव्हता. ऐंशीच्या दशकात शाळा सुटली की आम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं घरी यायचो. तेव्हा कारखान्यातून नव्या ट्रकच्या नुसत्या चॅसी बाहेर पडायच्या. केबिन नाही, टप नाही, दारं नाहीत. पुढे इंजिन, मागे लांबलचक लोखंडी सांगाडा, खाली चाकं आणि बसायला एक साधी बैठक. त्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डोळ्यांना गॉगल लावलेला ड्रायव्हर. एकामागे एक अशा चॅसी निघायच्या, कुठल्या कुठल्या गावी बॉडी बांधायला. आम्ही हात हलवायचो, तेही हात वर करायचे. जगातला सगळ्यात सुखी माणूस हाच, असं आम्हाला वाटायचं. अंगावर वारा, डोक्यावर आभाळ आणि हातात स्टिअरिंग!

आमच्यातल्या एकीनं हे वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याला विचार, डिसेंबरात पहाटे घाटात हाताची बोटं वाकतात का ते." वडिलांचं बरोबर होतं. पण आमच्या मनात गाडी बसली ती बसलीच.

पुढे कळलं की खऱ्या स्पोर्ट्स कारचं गणितही यापेक्षा फार वेगळं नसतं. नको ते काढून टाकायचं, वजन कमी करायचं, इंजिन ताकदीचं बसवायचं. बहुतेकदा जागा दोघांपुरतीच आणि कित्येकींना वरचं छप्परही काढता येतं. शिवाय ती जमिनीलगत असते. का, ते आपण बायकांना चटकन समजेल. पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर असताना झटकन वळलो तर तोल जातो, कडेवर असेल तर जात नाही. गाडीचं वजनही जितकं खाली, तितकी ती वळणावर सावरलेली राहते.

आमच्या भागाला आणि या वेडाला जोडणारा एक माणूस होता. जे. आर. डी. टाटा. १९४५ साली सुरू झालेली टेल्को पुढे पुण्यात, म्हणजे आपल्या पिंपरीत आली आणि तिनं कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. हेच जे. आर. डी. तरुणपणी बुगाटी पळवायचे. ती त्या काळातली नावाजलेली फ्रेंच वेगवान गाडी. मुंबईत ती भरधाव चालवली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी नावाचे वकील केले. त्या वकिलांची पुतणी थेल्मा. १९३० साली तिच्याशीच त्यांचं लग्न झालं. आता गंमत ऐका. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या सूनीबाई म्हणजे जे. आर. डीं.च्या आई. १९०५ साली त्यांनी गाडी चालवली असं सांगतात. म्हणजे मुलाच्या आधी स्टिअरिंग आईच्या हातात होतं. हे आम्हाला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर!

घरात मोटारींची आवड भावाची धरली जायची. पत्र्याची, चावीची गाडी त्याला मिळायची आणि आम्हाला भातुकली. पण वहीच्या पुठ्ठ्यावर, सलूनच्या भिंतीवर लाल, चपट्या परदेशी गाड्यांची चित्रं असायची. भावाबरोबर सलूनमध्ये जायचं निमित्त काढून आम्ही ती बघून यायचो. गाड्यांच्या पत्त्यांचा खेळ असायचा. कुठल्या गाडीचा ताशी वेग किती, सिलिंडर किती, हे आमच्यातल्या एकीला तोंडपाठ होतं. तिच्याशी डाव लावायला मुलं घाबरायची. मग १९८५ चा मार्च आला. मेलबर्नला भारत जिंकला, रवी शास्त्रीला ऑडी मिळाली आणि अख्खी टीम त्या गाडीवर चढून मैदानात फिरली. ती काही स्पोर्ट्स कार नव्हती. पण टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलेल्या चाळीला त्या दिवशी कळलं, गाडी म्हणजे काय आनंद असतो.

आणि १९९१ साली आपल्या पिंपरीची सिएरा आली. तीन दारांची. मागच्या बाजूला टपापर्यंत वळत गेलेली मोठी काच. मागे बसून मान वर केली की आभाळ दिसायचं. डिझेलवर चालणारी, जडशी गाडी. वेगाच्या नावानं तशी बेताचीच. पण बापानं, काकानं, शेजारच्यानं जिथे घाम गाळला तिथून अशी देखणी गाडी बाहेर पडते, याचा अभिमान वेगळाच होता.

त्याच सुमारास आमच्यातल्या त्या पत्त्यांवाल्या मैत्रिणीनं घरी सांगितलं की मला ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करायचा आहे. घरात कुणी ओरडलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "बाळ, मी कारखाना आतून पाहिलाय. तिथे बाईमाणूस नसतं." तिनं कॉमर्सला प्रवेश घेतला. तिला तेव्हा माहीत नव्हतं की १९७४ साली सुधा कुलकर्णी या मुलीनं टेल्कोची जाहिरात वाचली होती. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं त्यात लिहिलं होतं. तिनं थेट जे. आर. डीं.ना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि ती तिथली पहिली स्त्री इंजिनिअर झाली. त्याच आपल्या सुधा मूर्ती. एका पोस्टकार्डाची गोष्ट. पण ती गोष्ट आपल्या घरापर्यंत पोहोचायला हवी ना!

वर्षं गेली. आम्ही लग्न करून याच भागात राहिलो. सचिनला फेरारी मिळाली आणि तिच्या आयात शुल्कावरून वाद झाला, तेव्हा भाजी निवडताना आम्ही त्यावर बोललो. २०१२ साली दिलीप छाब्रियांची अवंती दिल्लीच्या प्रदर्शनात दिसली. पुढे ती मोजक्या संख्येनं बनलीही. २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी रेसमो मांडली. दोन जागांची, इंजिन बैठकीच्या मागे, शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. आम्ही मोबाईलवर ती पुन्हा पुन्हा पाहिली. ती बाजारात आलीच नाही. वाईट वाटलं, जसं पाहुणा दारातून परत गेल्यावर वाटतं तसं.

आता जे सांगणार आहोत, ते सांगायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. पत्त्यांवाल्या आमच्या मैत्रिणीच्या यजमानांच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली. गाडी खाली उभी होती, किल्ली खुंटीला होती आणि तिच्या नावाचा परवाना कपाटात होता. लग्नानंतर काही महिने तिनं गाडी चालवली होती. मग "तू राहू दे, ट्रॅफिक फार आहे," असं होत होत अठरा वर्षं ती स्टिअरिंगला बसलीच नव्हती. त्या रात्री ती बसली, इंजिन सुरू केलं आणि हात असे थरथरू लागले की गिअर पडेना. शेवटी शेजारच्या विशीतल्या मुलाला उठवलं, त्यानं गाडी नेली. यजमान वाचले, आज ठणठणीत आहेत. पण ती म्हणते, "जगातल्या सगळ्या गाड्यांचा वेग मला पाठ होता आणि मी मागच्या सीटवर बसून त्यांचे तळपाय चोळत होते."

त्यानंतर आम्ही ठरवलं. दर रविवारी सकाळी सहा वाजता, प्राधिकरणातले रुंद रस्ते रिकामे असताना, सराव करायचा. पहिले दोन महिने ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेतली. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, त्यामुळे भीती निम्मी होते. सगळ्यात अवघड गेलं ते पुलाच्या चढावर थांबून, गाडी मागे न घसरू देता पुन्हा निघणं. हाफ क्लच, हळूच ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडायचा. एकीची गाडी सात वेळा बंद पडली. मागचा दूधवाला शांतपणे थांबला होता, त्याचे इथूनच आभार.

वेगाची आवड आणि रस्त्यावर वेग करणं, यातला फरकही आम्ही तिथेच शिकलो. बायकांच्या मोटार रॅली निघतात, त्यांतल्या बऱ्याच रॅलींत ठरवून दिलेल्या सरासरी वेगानं, ठरलेल्या वेळी पोहोचायचं असतं. उशीर झाला तर गुण जातात आणि लवकर पोहोचलात तरी जातात. भरधाव नेण्यापेक्षा नेमकं नेणं अवघड असतं. हे घड्याळ्याच्या काट्यावर डबे भरणाऱ्या बायकांना जमणार नाही, असं कोण म्हणेल?

मैत्रिणींनो, आज कारखान्यात बाईमाणूस आहे. पिंपरीत टाटांच्या हॅरिअर आणि सफारी जोडणारी अख्खी लाईन बायका चालवतात, दीड हजारांहून जास्त जणी. चाकणला बजाजची डॉमिनार ही दणकट मोटरसायकल आली तेव्हा तिच्या जोडणीचं कामही बायकांनीच केलं. आमच्या ओळखीच्या मुली पाळी संपवून येतात तेव्हा त्यांच्या हाताला तोच वास असतो, जो आमच्या वडिलांच्या हाताला यायचा. त्यांच्यातल्या किती जणींना स्वतः जोडलेली गाडी चालवता येते, हे एकदा विचारून बघा.

तुमच्यापैकी कुणाचा परवाना कपाटात पडला असेल तर बाहेर काढा, त्याची मुदत पाहा. नसेल तर शिकाऊ परवाना काढा. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. आणि रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर आधी १०८ ला फोन करा, दुखणाऱ्या माणसाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

गेल्या रविवारी आमची ती मैत्रीण एकटीनं गाडी घेऊन निगडीपासून देहूरोडपर्यंत जाऊन आली. ताशी चाळीसच्या वर काटा गेला नाही. परत आली तेव्हा चारही काचा खाली होत्या आणि केस विस्कटलेले होते. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. आम्ही हात हलवला आणि तिनंही हात वर केला.