शाळेवाचून शिक्षण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आम्ही उभयतांनी आमच्या कन्येस चौथ्या इयत्तेनंतर शाळेतून काढून घरीच शिकविण्यास आरंभ केला, ही वार्ता आपणांपैकी बहुतेकांच्या कानी आलीच आहे. त्यास आता पाचवे वर्ष चालू आहे. याविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून उभे आहोत.

आपल्या ज्ञातीने जी काही स्थिती मिळविली ती शाळेच्या बळावर. आमच्या आजोबांनी पुण्यास वार लावून जेवून मॅट्रिक केले. ज्या समाजाने शाळेसाठी एवढे सोसले, त्यातील कुटुंबानेच शाळेकडे पाठ फिरवावी, हा कृतघ्नपणा नव्हे काय, असे आम्हांस अनेकांनी विचारले. आमच्या आत्याबाईंनी तर, मुलीच्या लग्नाच्या वेळी शाळा कोणती म्हणून सांगणार, असाही पेच टाकला! प्रश्न रास्त आहेत.

घरी राहून विद्या मिळते, याचे दाखले आपल्याकडे आहेत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले. लक्ष्मीबाईंनी कन्येस शिकविले. आणि त्याच कन्येस १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरविले. १८७३ साली विवाह होऊन आलेल्या रमाबाई रानडे यांचे शिक्षणही न्यायमूर्तींनी घरीच सुरू केले. तथापि त्या काळी मुलींस शाळा दुर्मिळ होत्या. आमच्या कन्येस शाळा होती आणि ती आम्ही सोडविली. तेव्हा हे दाखले सर्वस्वी आमच्या पक्षी ओढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे कारण साधे होते. सहाव्या वर्षी मराठी पुस्तके घडाघडा वाचणारी मुलगी नवव्या वर्षी पुस्तक हाती घेईनाशी झाली. शाळा, गाडीतला प्रवास, शिकवणी आणि गृहपाठ यांत दिवस सरे. ती प्रश्न विचारीनाशी झाली, हे आम्हांस गुणांपेक्षा अधिक चिंतेचे वाटले.

आता घरी सकाळचे तीन तास नियमित अभ्यास होतो. आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली. अपूर्णांकांची भीती तिथेच गेली. टक्केवारी व व्याज ती बँकेच्या पासबुकावरून शिकली. इतिहास व भाषा सोपी गेली. विज्ञान मात्र अवघड. स्वयंपाकघरात प्रयोगशाळेचे सगळेच साधत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा एका निवृत्त शिक्षकांकडे पाठवावे लागते. सवंगड्यांची उणीवही खरी आहे. संध्याकाळचे खो-खोचे मैदान ती काही अंशी भरून काढते, पूर्णतः नाही.

या मार्गास खर्च आहे, आणि तो पुस्तकांचा नव्हे. आम्हां दोघांपैकी एकास नोकरी सोडावी लागली. ज्या घरी दोघांच्या कमाईवाचून भागत नाही, त्यांनी आमचे अनुकरण करावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

कायद्याविषयी पुष्कळ जण विचारतात. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य, असे त्याचे १० वे कलम सांगते. मात्र पालकांस शिक्षा कोणतीच सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाचा नामोल्लेखही नाही. ही संदिग्धता जाणूनच आम्ही निर्णय घेतला. कुणी विचारल्यास दाखविता यावे म्हणून मुलीच्या वह्या वर्षवार बांधून ठेविल्या आहेत.

पुढची वाट स्पष्ट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची १९८९ साली स्थापन झालेली संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीच्या परीक्षेस बसू देते. पाच विषय पुरे होतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राहिलेला विषय मागाहून देता येतो. आमच्या कन्येचे चौदावे वर्ष सरले. अर्ज भरला आहे.

एक विनंती उरते. मंडळाच्या विद्यार्थिगौरवाच्या अर्जात ‘शाळेचे नाव व मुख्याध्यापकांची सही’ अशी ओळ आहे. ती रिकामी असलेला अर्ज स्वीकारावा की नाही, याचा विचार कार्यकारिणीने करावा. ज्ञातीतील आणखी दोन कुटुंबे याच मार्गाने चालली आहेत. त्यांच्याही मुलांचा हा प्रश्न आहे. निकाल लागताच आम्ही अर्ज पाठवू. मुलगी उत्तीर्ण झाली तर गौरवासाठी, आणि न झाली तर केवळ मंडळाच्या माहितीसाठी.